वर्गात बहुमताने निर्णय घेताना: प्रश्न निवडण्यापासून निकालानंतरच्या आठवड्यांपर्यंत

"गॅदरिंगला काय बसवायचं? लेझीम कोणाला हवं? हात वर करा. चला, लेझीम ठरलं!" बऱ्याच वर्गांत निर्णय असा अर्ध्या मिनिटात होतो. मग तालमीला निम्मी मुलं पाय ओढत येतात, दोघीतिघींच्या पोटात नेमकं तालमीच्या वेळी दुखू लागतं, आणि बाई वैतागून म्हणतात, "तुम्हीच ठरवलंत ना?" खरं तर वर्गाने काहीच ठरवलेलं नसतं. पुढच्या बाकावरच्या पाचसहा जणांनी हात वर केले आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून केले, एवढंच झालेलं असतं.

मतदान हे या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे. न्याय होतो की नाही, ते त्याच्या आधीच्या तयारीवर आणि नंतरच्या वागण्यावर ठरतं. खालचे टप्पे तिसरी ते आठवीच्या वर्गांसाठी आहेत. पहिली-दुसरीसाठी काय बदलायचं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. उदाहरणासाठी ३६ मुलांचा सहावीचा वर्ग धरला आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका आणि सगळं एकाच तासात उरकू नका. चर्चा एका दिवशी आणि मतदान दुसऱ्या दिवशी ठेवलं की मुलांना रात्रभर विचार करायला मिळतो.

## टप्पा १: हा प्रश्न मतदानाला टाकायचा का?

सर्वात जास्त चुका इथेच होतात. वर्गातला प्रत्येक वाद मतदानाने सुटत नाही, आणि काही प्रश्नांवर मत घेणं हाच अन्याय असतो. पुढच्या गोष्टींवर कधीही मतदान घेऊ नका:

- एखाद्या मुलाच्या हक्काची गोष्ट. पाणी प्यायला कधी जायचं, कोणाला खेळात घ्यायचं, कोणाशेजारी कोणी बसायचं, कोणाच्या डब्यात काय असावं. ३५ विरुद्ध १ असं मत पडलं तरी त्या एकाचा हक्क जात नाही.
- शिक्षा. "याने खिडकी फोडली, आता काय करायचं ते वर्गच ठरवेल." हा निवाडा नव्हे, ही झुंड आहे. शिक्षकाने तो भार मुलांवर टाकू नये.
- पैसे. शिक्षक दिनाला प्रत्येकी ५० रुपये वर्गणी काढायची का? ज्याच्या घरी ५० रुपये जड आहेत तो मुलगा विरोधात हात वर करणार नाही. तो घरी जाऊन रडेल किंवा त्या दिवशी शाळेत येणार नाही.
- खऱ्याखोट्याच्या गोष्टी. व्हेल हा मासा आहे की नाही, यावर हात मोजायचे नसतात, पुस्तक उघडायचं असतं.
- आधीच ठरलेल्या गोष्टी. मुख्याध्यापकांनी सहलीचं ठिकाण नक्की केलं असेल तर मुलांना सरळ तसं सांगा. नाटकी मतदान मुलांना लगेच ओळखू येतं, आणि मग खऱ्या मतदानावरचाही विश्वास उडतो.

उरतात ते प्रश्न भरपूर आहेत: गॅदरिंगला काय सादर करायचं, खेळाच्या तासाला काय खेळायचं, वाचनकट्ट्यासाठी कुठली पुस्तकं मागवायची, प्रकल्पाचा विषय कोणता, भिंतीवरच्या फलकावर काय लावायचं.

तपासा: "जो पर्याय हरेल, त्याच्या बाजूच्या मुलाला निकालानंतर वर्गात मान खाली घालावी लागेल का? त्याचं काही कायमचं नुकसान होईल का?" दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तरच पुढे जा.

## टप्पा २: पर्याय गोळा करा आणि गाळा

पर्याय शिक्षकाने ठरवून दिले की निर्णय निम्मा तिथेच झालेला असतो. म्हणून दोन दिवस वर्गात एक खोका ठेवा आणि मुलांना नाव न लिहिता सूचना टाकू द्या. चौथीपर्यंतच्या मुलांना तोंडी विचारा आणि सूचना फळ्यावर लिहा. दहाबारा सूचना येतात, त्यांतल्या सारख्या एकत्र करा.

मग गाळणी. ती मुलांसमोरच करा आणि प्रत्येक वेळी कारण सांगा. निकष तीन: वेळेत होईल का, फुकट किंवा शाळेच्या खर्चात होईल का, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्यात सहभागी होता येईल का. तिसरा निकष अजिबात सैल सोडू नका. वर्गात चाकाच्या खुर्चीवरची मुलगी असेल आणि पर्यायांमध्ये गड चढायची सहल असेल, तर तो पर्याय मतदानापर्यंत पोचताच कामा नये. एकदा तो यादीत आला आणि जिंकला, की त्या मुलीपुढे दोनच वाटा उरतात: घरी राहायचं, किंवा सगळ्या वर्गाच्या आनंदावर पाणी टाकणारी ठरायचं.

गाळताना मुलीचं नाव घेऊ नका. "आपल्या सगळ्यांना जाता येईल असंच ठिकाण घ्यायचं" एवढं पुरेसं आहे.

तीन किंवा चार पर्याय ठेवा, पाचच्या वर नकोत.

## टप्पा ३: नियम आधी ठरवा, फळ्यावर लिहा

निकालानंतर ठरवलेला नियम कितीही योग्य असला तरी हरलेल्यांना तो लबाडीचाच वाटतो. म्हणून चर्चेच्याही आधी पुढच्या पाच गोष्टी लिहून टाका:

१. जिंकायला किती मतं लागतील? उपस्थितांपैकी निम्म्याहून जास्त, की फक्त इतरांपेक्षा जास्त?
२. समसमान मतं पडली तर काय?
३. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांचं काय?
४. हा निर्णय किती दिवस चालेल?
५. शिक्षकाला तो बदलायचा अधिकार आहे का, आणि कोणत्या कारणासाठी?

दुसऱ्या मुद्द्यावर बरेच शिक्षक "मग माझं मत निर्णायक" असं म्हणतात. ते टाळा, कारण मग पुढच्या वेळेपासून मुलं एकमेकांना पटवायचं सोडून शिक्षकाला पटवू लागतात. चिठ्ठी टाका. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत समसमान मतं पडली तर कायद्याप्रमाणे चिठ्ठीनेच निकाल लागतो. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात तसं घडलंही होतं. मुलांना हे सांगितलं की चिठ्ठी म्हणजे पोरखेळ नाही हे त्यांना पटतं.

गैरहजरांसाठी सोपा नियम असा: उपस्थिती तीन चतुर्थांशांपेक्षा कमी असेल तर मतदान पुढे ढकलायचं. ३६ च्या वर्गात निदान २७ जण हवेत.

पाचव्या मुद्द्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. "सुरक्षिततेचा प्रश्न आला किंवा मुख्याध्यापकांनी परवानगी नाकारली, तर मी निर्णय बदलेन. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी नाही." आणि शब्द पाळा.

सावधान: मनासारखा निकाल लागला नाही म्हणून "पुन्हा एकदा घेऊ या, नीट विचार करून" असं म्हणू नका. वर्षभराची मेहनत या एका वाक्यात वाया जाते.

## टप्पा ४: चर्चा

शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये कलम २९ खाली मुलाला भीती, धक्का आणि चिंतेपासून मुक्त ठेवून मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी, असं म्हटलं आहे. मोकळेपणा नुसता "बोला, बोला" म्हटल्याने येत नाही. सगळ्या वर्गासमोर उभं राहून बोलायला बहुतेक मुलं घाबरतात. घरची भाषा पावरी, गोंडी किंवा कन्नड असेल तर आणखीच.

म्हणून चर्चेची सुरुवात बाकापासून करा. तीन मिनिटं शेजारच्याशी बोलायचं: "तुला काय हवं आणि का?" मग दोन बाक मिळून चारपाच जणांचा गट करायचा. आणि मग प्रत्येक गटातून एकाने उठून सांगायचं, पण स्वतःचं नाही, गटातल्या दुसऱ्या कोणाचं तरी म्हणणं. यात दोन फायदे होतात. न बोलणाऱ्याचं म्हणणं वर्गापुढे येतं, आणि बोलक्या मुलाला ऐकावं लागतं.

यानंतर प्रत्येक पर्यायाच्या बाजूने दोन मिनिटं. उलट बाजू मांडणाऱ्याने आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि "बरोबर का?" असं विचारायचं. समोरचा "हो" म्हणाला की मग आपलं बोलायचं. पहिल्या एकदोन वेळा याला फार वेळ लागतो, तो लागू द्या.

शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: "यातल्या दोन गोष्टी एकत्र बसतील का?" नाटुकल्यात मधोमध कोळीगीत येऊ शकतं. खूपदा इथेच सगळ्यांना पटणारं काहीतरी सापडतं आणि मतदानाची गरजच उरत नाही. ओढूनताणून मात्र जुळवू नका. चार पर्यायांचे चार तुकडे जोडून बसवलेला कार्यक्रम कोणालाच आपला वाटत नाही.

या सगळ्या वेळात शिक्षकाने स्वतःची पसंती लपवायची. शब्दांतून लपवणं सोपं आहे, पण "छान!" आणि "बरं, ठीक" यांतला फरक मुलं अचूक पकडतात. प्रत्येक बाजूला एकच शब्द वापरा: "ऐकलं."

तपासा: लेझीमवाल्या एखाद्याला विचारा, "नाटकवाल्यांना नाटक का हवंय?" त्याला निदान एक खरं कारण सांगता आलं तर चर्चा पुरी झाली. "त्यांना काही येत नाही म्हणून" असं उत्तर आलं तर मतदान उद्यावर टाका.

## टप्पा ५: मत घ्यायची पद्धत निवडा

दोनच पर्याय असतील तर काही अडचण नाही. ज्याला जास्त मतं, तो पर्याय. गोंधळ होतो तो तीन पर्यायांपासून पुढे.

आपल्या वर्गात प्रत्येकाने एकच मत दिलं असं धरा: लेझीम १४, नाटक १२, कोळीनृत्य १०. लेझीम जिंकलं का? ३६ पैकी २२ जणांनी दुसरंच काहीतरी मागितलं होतं. सर्वात जास्त मतं आणि बहुमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळ्यावर १४ आणि २२ शेजारी शेजारी लिहून मुलांना हे दाखवा. एकदा पाहिलं की सहावीच्या मुलाला ते लगेच कळतं.

यावर दोन चांगले उपाय आहेत.

दोन फेऱ्या. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर सर्वात कमी मतांचा पर्याय काढायचा आणि उरलेल्या दोनांत पुन्हा मत घ्यायचं. कोळीनृत्याचे दहा जण आता दुसऱ्या पसंतीकडे वळतील. समजा आठ जण नाटकाकडे गेले आणि दोघे लेझीमकडे. नाटक २०, लेझीम १६.

चालेल ते सगळे. प्रत्येकाने चिठ्ठीवर "यात मी मनापासून भाग घेईन" अशा सगळ्या पर्यायांवर खूण करायची. एक, दोन, कितीही. समजा बेरीज अशी आली: नाटक २५, कोळीनृत्य २१, लेझीम १७. पहिल्या मोजणीत पुढे असलेलं लेझीम इथे सर्वात मागे गेलं. १४ जणांचं ते अतिशय आवडतं होतं, पण बाकीच्यांपैकी फक्त तिघांना चालणार होतं.

तालमी, सहल, गटप्रकल्प अशा एकत्र करायच्या कामांसाठी मी दुसरी पद्धत सुचवेन. तिच्यात कोणाचं किती आवडतं यापेक्षा किती जण आनंदाने सामील होतील हे दिसतं, आणि वर्गाला तेच हवं असतं. मुलं विचारतील, "सगळ्यांवर खूण केली तर?" तर ते चालेल, फक्त त्या चिठ्ठीने कोणताच पर्याय पुढे किंवा मागे जाणार नाही.

सावधान: "आधी लेझीम की नाटक ठरवू, मग जिंकेल त्याची कोळीनृत्याशी लढत" अशी जोड्याजोड्यांची पद्धत वापरू नका. समजा १२ जणांचा क्रम लेझीम, नाटक, कोळीनृत्य असा आहे, १२ जणांचा नाटक, कोळीनृत्य, लेझीम, आणि १२ जणांचा कोळीनृत्य, लेझीम, नाटक. लेझीम नाटकाला २४ विरुद्ध १२ ने हरवेल आणि मग कोळीनृत्य लेझीमला तेवढ्याच मतांनी हरवेल. सुरुवात नाटक-कोळीनृत्य या जोडीने केली तर शेवटी लेझीम जिंकेल. म्हणजे इथे ज्याला शेवटी उभं केलं तोच पर्याय जिंकतो, आणि निकाल मुलांच्या हातून निघून जोड्या लावणाऱ्याच्या हातात जातो.

बहुवर्ग शाळेत एकूण दहाबारा मुलं असतील तर मतदानापेक्षा बोटांनी सांगणं बरं. मूठ म्हणजे "मला अजिबात चालणार नाही", पाच बोटं म्हणजे "फार आवडेल". एकाचीही मूठ दिसली तर कारण विचारून पर्याय बदलायचा. इतक्या छोट्या गटात एकमत जमू शकतं, त्यामुळे बहुमताची घाई करू नका.

## टप्पा ६: मत गुप्त ठेवा

हात वर करून घेतलेलं मत फक्त किरकोळ गोष्टींसाठी ठेवा. "डोळे मिटा आणि हात वर करा" यावरही विसंबू नका, कारण बाह्यांची सळसळ ऐकू येते आणि कोणीतरी बोटांच्या फटीतून बघतंच.

चिठ्ठ्या वापरा, पण त्यांवर काही लिहायला लावू नका. वर्षभर वह्या बघितल्यावर शिक्षकाला अक्षर ओळखू येतं, मुलांनाही येतं. पर्यायांची नावं किंवा चित्रं आधीच काढलेल्या एकसारख्या चिठ्ठ्या द्या, मुलांनी फक्त बरोबरची खूण करायची. पेन्सिल सगळ्यांना एकाच प्रकारची, कारण कोणी जांभळ्या जेल पेनने खूण केली तर त्याचं मत गुप्त राहत नाही. खूण करायची जागा कपाटाआड किंवा दप्तरांची भिंत करून.

पहिली-दुसरीला चिंचोके उत्तम. प्रत्येक पर्यायाचं चित्र लावलेला एकेक डबा आडोशाला ठेवायचा, एकेकाने जाऊन आपला चिंचोका टाकायचा. एक बारीक गोष्ट इथे फार महत्त्वाची: रिकाम्या पत्र्याच्या डब्यात चिंचोका टणकन वाजतो. बाहेर बसलेली मुलं कान देऊन असतात, आणि आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे त्यांना कळतं. डब्यांच्या तळाला जुनं फडकं घाला आणि तोंडावर भोक पाडलेला पुठ्ठा बसवा, म्हणजे आत किती पडलेत हेही दिसणार नाही.

## टप्पा ७: मोजणी सगळ्यांसमोर

१. चिठ्ठ्या उघडायच्या आधी मोजा. हजेरीपटाप्रमाणे ३४ मुलं असतील तर चिठ्ठ्या ३४ च हव्यात. जास्त निघाल्या तर न उघडता फाडून टाका आणि मतदान पुन्हा घ्या. इथे पुन्हा घेणं योग्य आहे, कारण निकाल अजून कोणालाच माहीत नाही.
२. एक जण चिठ्ठी उघडून वाचेल, दुसरा बघून खात्री करेल. दोघे वेगवेगळ्या पर्यायांच्या बाजूचे असावेत.
३. तिसऱ्याने फळ्यावर ताळ्याच्या खुणा करायच्या. चौथी, पाचवीला हा गणिताचाही तास होतो.
४. न कळणारी चिठ्ठी वेगळी ठेवा. ती ग्राह्य धरायची की बाद, याचा नियम टप्पा ३ मध्येच लिहून ठेवलेला बरा.

निकाल सांगताना "नाटक जिंकलं!" असा जल्लोष करू नका. "३४ पैकी इतक्या जणांना नाटक चालणार आहे, म्हणून आपण नाटक करू." टाळ्या वाजवायच्या असतील तर मोजणी करणाऱ्यांसाठी.

## टप्पा ८: निकालानंतरचा पहिला तास

ज्यांचा पर्याय राहिला त्यांना त्याच तासात विचारा: "आता नाटक करायचंच आहे, तर तुम्हाला त्यात काय असलेलं आवडेल?" कोणी म्हणेल ढोल-ताशा हवा, कोणी म्हणेल शेवटी नाच हवा. त्यांतली निदान एक गोष्ट खरोखर घ्या आणि कोणाच्या सूचनेवरून घेतली ते फळ्यावर लिहा.

रुसलेल्या मुलाला "खिलाडूवृत्ती दाखव" असं सुनावू नका. त्याला वाईट वाटणं स्वाभाविक आहे. एक दिवस जाऊ द्या. आणि जिंकलेल्यांनी चिडवलं तर तिथल्या तिथे थांबवा. "बघ, आम्ही जास्त होतो" हे वाक्य वर्गात चालणार नाही, हे पहिल्याच वेळी ठाम सांगा.

## टप्पा ९: तीच ती मुलं हरत असतील तर

आतापर्यंतचं सगळं बिनचूक केलं तरी एक अन्याय उरतो, आणि तो मला सर्वात गंभीर वाटतो, कारण तो नियमाप्रमाणे होतो.

खेळाचा तास आठवड्यातून एकदा. २० जणांना क्रिकेट हवं, १६ जणांना खो-खो, आणि त्या १६ मध्ये जवळजवळ सगळ्या मुली. दर आठवड्याला गुप्त मतदान घ्या, मोजणी नीट करा. दर आठवड्याला निकाल २० विरुद्ध १६. जूनपासून दिवाळीपर्यंत १६ मुलांना एकदाही हवा तो खेळ मिळणार नाही. त्यातली एखादी म्हणेल, "बाई, मतदान कशाला घेता? क्रिकेटच येणार." तिचं बरोबर आहे.

असा कायमचा कल दिसला की मतदान बंद करा आणि पाळी लावा. २० आणि १६ चं प्रमाण ५:४. म्हणजे नऊ आठवड्यांत पाच तास क्रिकेटचे, चार खो-खोचे. पहिली पाळी कोणाची, ते चिठ्ठीने. तक्ता भिंतीवर लावा आणि झालेल्या तासावर मुलांनाच फुली मारू द्या. पावसामुळे एखादा तास बुडाला तर तीच पाळी पुढच्या आठवड्यात येते, हेही तक्त्याखाली लिहा, नाहीतर त्यावरून भांडण ठरलेलं.

हा कल ओळखायचा तर नोंद हवी. एका वहीत तारीख, प्रश्न आणि निकाल लिहीत जा. मत गुप्त असल्यामुळे कोण हरलं ते वहीत दिसणार नाही, म्हणून महिन्यातून एकदा बिननावाच्या चिठ्ठीवर एकच प्रश्न विचारा: "या महिन्यात एकदा तरी तुझ्या मनासारखं झालं का?" तीनचार जणांनी सलग दोन महिने "नाही" लिहिलं तर पुढचा निर्णय मतदानाला टाकू नका, पाळीने किंवा चर्चेने घ्या.

## टप्पा १०: निर्णय पुन्हा उघडायची तारीख

टप्पा ३ मध्ये लिहिलेली मुदत संपली की निर्णय आपोआप पुढे चालू ठेवू नका. सहामाही परीक्षेनंतर आणि जानेवारीत अशा दोन वेळा वहीतले चालू निर्णय वाचून दाखवा आणि विचारा, हे चालू ठेवायचं का?

वर्गात मध्येच आलेल्या मुलांसाठी हे फार गरजेचं आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास काही मुलं आई-वडिलांबरोबर जातात आणि काही दुसऱ्या गावच्या शाळेत नव्याने बसतात. जूनमध्ये झालेल्या ठरावांवर त्यांचं मत कोणी घेतलेलं नसतं, तरी ते ठराव त्यांना पाळावे लागतात. नवं मूल आलं की पहिल्याच आठवड्यात मॉनिटरने त्याच्याशेजारी बसून वहीतले चालू निर्णय समजावून सांगायचे, आणि त्याला काही बदलावंसं वाटलं तर त्याची सूचना पुढच्या तारखेच्या यादीत सगळ्यात वर लिहायची.